पेशींची रोवणी

कंपवाताच्या माणसाला सांभाळायचं म्हणजे थरथरणारा हात धरून बसायचं, असं लोकांना वाटतं. थरथर हा त्या रोगातला सगळ्यात गरीब भाग. खरी पंचाईत होते ती माणूस थिजतो तेव्हा. चालता चालता उंबऱ्यापाशी येतो आणि पाय जमिनीला चिकटतात. डोकं म्हणतं चल, वरचं अंग पुढं झुकतं, पाय मात्र तिथंच. अशा वेळी घरचा एक जण मागून ढकलतो, दुसरा पुढून हात ओढतो, आणि दोघं मिळून त्याला तोंडावर पाडतात. त्यांचं प्रेम खोटं नसतं. मी असे फुटलेले ओठ पुष्कळ पुसलेत.

मध्य प्रदेशातल्या बालाघाटला मी आयुष्यभर हेच काम केलं. दवाखान्यात होतो तोवर मला वॉर्डबॉय म्हणायचे. घरोघरी जायला लागल्यावर नुसतं ‘माणूस’. “आम्ही बाबूजींसाठी माणूस ठेवला आहे,” असं लोक माझ्यासमोरच एकमेकांना सांगत. आता याला केअरटेकर म्हणतात.

मी मूळचा चंदगडकडचा, कोल्हापूरच्या पार दक्षिण टोकाचा. सातवीत शाळा सुटली आणि बोअर मारणाऱ्या गाडीवर लागलो. गाडी पाण्याच्या शोधात देशभर हिंडायची, तिच्याबरोबर मी. बालाघाटजवळ लालबर्र्याकडे एका शेतात लोखंडी पाइप घसरला आणि माझा पाय मोडला. मुकादमानं मला बालाघाटात डॉक्टर पटल्यांच्या दवाखान्यात टाकलं, येतो म्हणाला आणि गाडी घेऊन गेला तो गेलाच. पाय जुळेपर्यंत मी खाटेवरून हात लांबवून शेजारच्याला पाणी दे, कुणाची उशी सरळ कर, असं करत राहिलो. चालायला लागल्यावर डॉक्टरसाहेबांनी विचारलं, “अब जाओगे कहाँ?” मग आपण होऊनच ते म्हणाले, “तो यहीं रहो.”

राहिलो. त्या एका वाक्यावर माझा संसार उभा राहिला, हे मी विसरलेलो नाही. पण उपकारावर जगणारा माणूस भित्रा होतो. कुणी साधं “दत्ता, जरा इकडं ये” म्हटलं तरी मी हातातलं काम टाकून धावायचो. वाटायचं, आता जा म्हणणार.

कंपवात मी शिकलो तो लालबर्र्याच्या एका राइसमिलवाल्या सेठजींकडे. हे गृहस्थ दारातून बाहेर पडताना दगडासारखे उभे राहायचे, आणि मिलचा जिना मात्र तरातरा चढायचे. सुना म्हणायच्या, नाटकं करतात. मी डॉक्टरसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, या रोगात आपोआप चालण्याची कळ बिघडते, पण समोर ओलांडायला काही दिसलं की डोकं दुसऱ्या वाटेनं पायाला हुकूम देतं. पायरी दिसते म्हणून पाय उचलतो. सपाट जमिनीवर आडव्या रेघा मार, तेवढ्यावरही काम होतं. मी सेठजींच्या दारात खडूच्या रेघा मारल्या आणि ते उंबरा ओलांडून गेले. सुनांनी मग वेगळीच तक्रार केली, की या माणसानं आमच्या घरात जादूटोणा केला. माझं काम गेलं. रेघा मात्र, ऐकतो, त्यांनी पुसल्या नाहीत.

त्यानंतर डॉक्टरसाहेबांनी मला काकासाहेबांकडे लावून दिलं. त्यांचं आडनाव लिहीत नाही, घरची माणसं त्याच गावात आहेत. नहर विभागात, म्हणजे कालव्यांच्या खात्यात, त्यांची नोकरी झाली. वैनगंगेचं पाणी कुठल्या शेताला कसं पोचवायचं, हे आखण्यात जन्म गेला. मी गेलो तेव्हा निवृत्त होऊन घरी बसले होते. आवाज इतका बारीक झाला होता की कान तोंडाजवळ न्यावा लागे. पहिल्याच दिवशी त्यांनी मला खुणेनं जवळ बोलावलं.

“माझं सगळं कर. कपडे घाल, खाऊ घाल. पन संडासला मी माझ्या पायानं जाईन. तू दारापर्यंत. आत मी एकटा.”

“हौ जी,” मी म्हणालो. तोवर मला ‘हो’ऐवजी हौ म्हणायची सवय लागली होती.

“आन ज्या दिवशी ते जमनार नाई, त्या दिवशी तू करशील. घरच्या कोनाचा हात लागला नाई पाहिजे. समजलं?”

मला समजलं. या कामात माणसाची अब्रू कुठं असते ते लवकर कळतं. कुणाची जेवणात असते, कुणाची दाढीत. काकासाहेबांची तिथं होती.

खाटेपासून संडासापर्यंत एक बोळवजा वाट होती. तिथं मी खडू काढला तर म्हणाले, खडू पुसला जातो, वायरमनची काळी पट्टी आण. मग खाटेवर बसून त्यांनी माझ्याकडून दोरी ताणून घेतली, चुन्यानं खूण करायला लावली, त्यांचं स्वतःचं पाऊल मोजायला लावलं आणि त्या मापानं फरशीवर पट्ट्या चिकटवून घेतल्या. एक पट्टी जराशी तिरकी गेली तर उखडायला लावली. “पानी तिरपं जाते लेका अशानं,” म्हणाले. घरात त्या वाटेला नाव पडलं काकासाहेबांची नहर. त्या नहरेवरून ते रोज सकाळी जायचे. पट्टी दिसली की पाऊल, पट्टी दिसली की पाऊल. मी मागं, हात न लावता.

गोळ्यांचंही तसंच शास्त्र असतं. गोळी डाळ-दुधाबरोबर दिली तर पोटात दोघांची ढकलाढकली होते आणि गोळी हरते. म्हणून गोळी आधी, जेवण बऱ्याच वेळानं. वेळ चुकली की माणूस लाकूड. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, कटंगीकडच्या शेतकरी घरातल्या. नवऱ्याला उपाशीपोटी औषध देणं त्यांना पाप वाटायचं. “थोडसं दूध तरी पाजजो बाप्पा,” म्हणून गिलास घेऊन उभ्या राहायच्या. मी आडवा यायचो. त्या मला शिव्या द्यायच्या आणि मग माझ्यासाठीच तो दुधाचा गिलास खाली ठेवून जायच्या.

दुपारी काकासाहेब मला वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायला लावत. नागपूरचा मराठी पेपर एक दिवस उशिरानं यायचा. मी अडखळलो की बोट उचलायचे, मी पुन्हा वाचायचो. आज हे चार शब्द लिहितो आहे ते त्या बोटामुळं. त्या पेपरातच आम्ही दोघांनी पहिल्यांदा ती बातमी वाचली, की परदेशात कंपवातावर मेंदूत नव्या पेशी लावतात.

डॉक्टर पटले तपासायला आले तेव्हा काकासाहेबांनी विचारलं. डॉक्टरसाहेबांनी खाटेच्या कडेला बसून नीट सांगितलं. मेंदूत एक रस तयार होतो, त्यावर आपली हालचाल चालते. तो तयार करणाऱ्या पेशी या रोगात मरत जातात. गोळी म्हणजे तो रस बाहेरून पुरवणं. मग कुणाच्या तरी मनात आलं, पेशीच नव्या का लावू नयेत? जन्माला न आलेल्या गर्भाच्या पेशी घेऊन, कवटीला भोक पाडून, आत सोडून पाहिल्या.

“मंग?” काकासाहेब.

“कुछ लोगों को फ़ायदा हुआ. काहींना काहीच नाही. आणि काहींचे हातपाय उलटे वळवळायला लागले, थांबवता येईनात. अभी एक्सपेरिमेंट है, काकासाहब. होईल एखाद्या दिवशी. पण जो कुणी आज हे विकत देतो म्हणेल ना, त्याच्या दारात उभे राहू नका.”

काकासाहेबांनी मान हलवली. विषय संपला. काही वर्षं खरंच संपला होता.

रोग काही कुणासाठी थांबत नाही. गोळीचा असर आधी अर्धा दिवस टिकायचा, मग तासावर आला. एका सकाळी काकासाहेब नहरेच्या मधोमध उभे राहिले. समोर पट्टी होती. त्यांना दिसत होती. पाय उचलला नाही. मी मागून हळूहळू तालात बोलत राहिलो, जिवाचा आटापिटा केला, आणि त्यांचा पायजमा भिजत गेला. काकू स्वैपाकघरातून बाहेर यायला निघाल्या तशी त्यांनी डोळे मिटून घेतले. मी काकूंना हातानं थांबवलं.

धुऊन-पुसून परत निजवल्यावर म्हणाले, “दत्ता, पट्ट्या बी आता ऐकून नाई राह्यल्या.”

त्याच सुमारास मुलगा शेखर सुट्टीवर आला. तो बाहेर मोठ्या शहरात कंप्युटरच्या नोकरीत होता. आपल्या बापावर जीव टाकणारा मुलगा, हे आधीच लिहून ठेवतो, नाहीतर पुढचं वाचून तुम्ही त्याला भलतं समजाल. त्याच्या शहरात एक सेंटर निघालं होतं. तिथं पेशी लावतात, स्टेम सेल म्हणतात, नाळेच्या रक्तातून काढतात, कवटी उघडावी लागत नाही, कमरेत सुई दिली की पेशी आपल्या आपण मेंदूकडं जातात. त्यानं रंगीत कागद आणले होते. त्यावर एक म्हातारा नातवाबरोबर क्रिकेट खेळत होता.

“पटलेसाहब पुराने जमाने के आदमी हैं,” शेखर म्हणाला. “दुनिया कहाँ से कहाँ गई.”

ओसरीत त्यानं मला विचारलं, “दत्ता, तू रोज पाहतोस. तुला काय वाटतं?”

मी जपून म्हणालो, “डॉक्टरसाहेब नको म्हणाले होते ना, शेखरभाऊ.”

तो हसला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. “बाबा ठीक झाले तर आपलं काय, असंच वाटतं ना तुला? टेंशन मत ले. तुला कुठंतरी लावून देऊ आम्ही.”

तो वाईट बुद्धीनं बोलला नाही, हे जास्त लागलं. मी विरोध केला तर माझ्या भाकरीसाठी, आणि होकार दिला तर खुशामत. यापलीकडं माझ्या तोंडच्या शब्दाला त्या घरात तिसरा अर्थ नव्हता. आणि मनातून मलाही वाटत होतं की ते चालावेत. त्या सकाळचा पायजमा मी धुतला होता. मी आत जाऊन काकासाहेबांच्या गोळीची वेळ पाहिली.

काकू म्हणाल्या, “बुडत्याले काडीचा आधार रायते, लेका.”

शेवटचा शब्द काकासाहेबांचाच होता. मला जवळ बोलावून म्हणाले, “शेखरले सांग, चलतो म्हनून. माझे पाय मले पाहिजेत. बाकी काई नको.”

सेंटर म्हणजे थंडगार हॉल, मऊ कोच, भिंतीवर माणसाएवढा मेंदू. टाय लावलेला एक पोरसवदा माणूस आमच्यासमोर खुर्ची ओढून बसला.

“कहाँ से आए हैं बाबूजी?”

“बालाघाट,” मी सांगितलं. काकासाहेबांचं बोलणं त्याला ऐकू गेलं नसतं.

“अरे, धानवाला इलाका! फिर तो समझाना ही नहीं पड़ेगा. रोपा लगाते हैं ना आप लोग? एक जगह से निकाला, दूसरी जगह लगा दिया. बस, इतना ही है.”

आमच्या भागात धानाच्या, म्हणजे भाताच्या, रोपांना पऱ्हे म्हणतात आणि लावणीला रोवणी. चंदगडला आम्ही तरवा म्हणतो, पण चिखल तोच. काकासाहेबांच्या तोंडावर हसू उमटलं. कंपवातात चेहराही थिजतो, हसू आतून वर यायला वेळ लागतो. ते आलं आणि टिकलं. मग त्यांनी माझ्याकडून एक प्रश्न विचारून घेतला. पऱ्हे उपटून लावले की आधी पिवळे पडतात, माना टाकतात, नवी मुळं धरेपर्यंत मेल्यासारखे दिसतात. तसं यातही होईल का?

टायवाल्यानं मांडीवर थाप मारली. “बिल्कुल बाबूजी! आप तो डॉक्टर निकले. पहले थोड़ा बिगड़ेगा, फिर हरा हो जाएगा. घबराना मत.”

त्या माणसाला पिवळं पडण्याचं काही माहीत नव्हतं. ते आम्ही त्याच्या हातात दिलं.

कमरेत सुई दिली. परत पाठवताना सांगितलं, पूर्ण आराम, हलवायचं नाही, आणि जुन्या गोळ्या बंद. गोळ्या चालू ठेवल्या तर नव्या पेशी आळशी होतील. शेखरनं दोनदा विचारलं, सगळ्या बंद? सगळ्या. काकासाहेबांना तेही पटलं. रोवणी झाल्यावर बांधीतलं, म्हणजे धानाच्या खाचरातलं, पाणी कोणी ढवळत नाही, आणि लागलीच खतही मारत नाही.

गोंदियाला उतरून जीपनं निघालो. राजेगावचा पूल ओलांडला तेव्हा ते जीपच्या मागच्या सीटवर माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडले होते आणि बाहेरच्या बांध्या पाहत होते. घरी पोचलो तर बोळातली फरशी लख्ख. काकूंनी आमच्या मागं बाई लावून सगळ्या पट्ट्या खरवडून काढल्या होत्या. गोंद राहिला होता तिथं घासलेटानं पुसलं होतं.

“काहून काढल्या काकू?”

“आता कायले पाहिजेत? पाय येतेत ना आता. घर कसं मोकळं दिसून राह्यलं.”

मी काकासाहेबांना खाटेवर निजवलं. तशीही त्यांना उठवायची मनाई होती.

पुढचे दिवस सांगणं कठीण आहे, कारण त्या दिवसांत आम्ही सगळे खूश होतो. काकासाहेब रोज थोडे जास्त ताठत होते. मान फिरेना. बोटं वळली ती उघडेनात. घास तोंडात तसाच राहायला लागला. आणि घरी जो येईल तो म्हणत होता, पिवळं पडून राह्यलं, आता धरंल. कटंगीहून काकूंचे भाऊ आले, जन्मभर धानातच राबलेले. मी त्यांना हळूच म्हणालो, मामा, जरा डॉक्टरसाहेबांना दाखवू का?

“तू कुठचा रे? तुमच्याकडं धान होते का?”

“होते जी.”

“मंग? पऱ्हे लावले की मुळं आली का म्हनून कोनी उपटून पाह्यते का?”

कोणी पाहत नाही. आमच्याकडंही नाही. माझ्या आईनं तरव्याची माना टाकलेली पेंडी पाहून कधी घाबरं होऊ दिलं नव्हतं आम्हाला. मला मामांचं पटलं. शेखरचा रोज फोन यायचा, काकू ओरडून सांगायच्या, “पिवळे पडले रे, पिवळे पडले!” आणि पलीकडं तोही हसायचा. धानाच्या या पट्ट्यात जन्मलेल्या माणसाला आजार बिघडतोय हे पाहून धीर यावा, असा तो सगळा प्रकार होता.

एका पहाटे काकासाहेबांनी माझ्याकडं पाहिलं. भांडं खाटेखाली तयार होतं. मी ते काढलं तर डोळ्यांनीच नको म्हणाले. ओठ हलले. कान नेला. “चल,” म्हणाले.

हलवायचं नाही, हे माझ्या डोक्यात होतं. त्यांचे डोळेही समोर होते. मी त्यांना पाठीमागून कवळा घालून उचललं आणि त्या मोकळ्या फरशीवरून नेलं. पाय घासत येत होते, पण पाय खाली होते, आणि तोंड पुढं होतं. आत बसवलं, दार लोटलं, पाठ करून उभा राहिलो. काही वेळानं आतून “झालं” असं आलं. मी ते जन्मात विसरणार नाही. परत आणून निजवलं. त्याबद्दल मला तेव्हाही वाईट वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

त्यानंतर ताप चढला. अंग भट्टीसारखं, घामानं गादी भिजलेली, जबडा उघडेना. आता हे रोवणीत बसत नव्हतं. मी कुणाला न विचारता सायकल काढली आणि डॉक्टर पटल्यांना घेऊन आलो. त्यांना या घरानं यातलं काही कळवलं नव्हतं. खाटेपाशी येऊन त्यांनी नाडी धरली आणि पहिला प्रश्न विचारला.

“गोलियाँ?”

“बंद,” काकू म्हणाल्या. “पेशी आळशी होतेत म्हने.”

डॉक्टरसाहेबांनी नाडी सोडली. मग मला म्हणाले, “उठा इनको.”

दवाखान्यात नळी घालून त्यांनी गोळ्यांची पूड पोटात घातली, पाणी चढवलं. काकासाहेब वाचले. हळूहळू मान वळली, बोटं सुटली, घास गिळता यायला लागला. पाय आले नाहीत. इतके दिवस ताठून आणि झिजून गेलेले पाय पुन्हा त्यांच्या वजनाखाली उभे राहिले नाहीत. डॉक्टरसाहेबांना मी एकदा विचारलं, हे केलं नसतं तर? ते म्हणाले, रोग तर पुढं जाणारच होता. पण साल-दोन साल ते चालले असते, कदाचित.

शेखर धावत आला. त्यानं सेंटरला फोन लावला, स्पीकर चालू केला. तिकडचा आवाज गोड होता. “सर, सेल्स बहुत नाज़ुक होते हैं. किसी ने हिलाया होगा. एक डोज़ और ले लीजिए.”

फोन ठेवून शेखरनं मला विचारलं, “दत्ता, उठवलं होतंस का बाबांना?”

“हौ. एकदा.”

 मग काकू रडत रडत म्हणाल्या, “काहून उठवलं रे? धरतच आलं असन ना.”

डॉक्टर पटल्यांनी नंतर दोघांना समोर बसवून समजावलं, की कमरेत सुई देऊन मेंदूत रोवणी होत नाही, की त्या सुईत काय होतं ते कुणालाच ठाऊक नाही, की हा सगळा घात गोळ्या तोडल्यानं झाला. शेखरला पटलं, सावकाश. त्या सेंटरवर पाटी बदलून दुसरंच काही सुरू झालं तेव्हा पुरतं पटलं. काकूंनी मान हलवली, पण त्यांना कधी पटलं नाही. त्यांचा रागही नव्हता माझ्यावर. माझ्यापुढं ताट ठेवताना त्या पूर्वीसारख्याच आणखी एक पोळी वाढायच्या. फक्त कुणी पाहुणे आले की सांगायच्या, “होऊन गेलं असतं बरं. जरासं हलवलं गेलं ना.” आणि मी तिथंच बसलेला असायचो.

मी पेशींवर राग धरून नाही. डॉक्टरसाहेब रिटायर होईपर्यंत सांगत होते, की शोधणारी माणसं खरी आहेत, ती नीट, हळू चालली आहेत, आणि एखाद्या दिवशी हे बी खरोखर उगवेल. उगवो. मी पाहिलेल्या माणसांपैकी कुणाच्या कामाला ते येणार नाही. माझा राग त्या मांडीवरच्या थापेवर आहे. एका म्हाताऱ्यानं आपल्या जन्माचं शहाणपण भोळेपणानं समोर ठेवलं, आणि त्या पोरानं तेच उचलून त्याच्या गळ्यात बांधलं.

पाय गेल्यावर काकासाहेबांचं ते काम माझ्याकडं आलं, ठरल्याप्रमाणं. मी सकाळी दार लावून घ्यायचो. ते भिंतीकडं तोंड करायचे. मी पेपरातली आदल्या दिवशीची एखादी बातमी बोलत राहायचो, म्हणजे आम्ही दोघंही दुसऱ्याच कामात आहोत असं वाटायचं. काकूंनी त्या वेळी कधी दार ढकललं नाही. दोन वर्षं आम्ही तेवढं जपलं.

मग होळीच्या सुट्टीत शेखर आला. केस पिकायला लागले होते त्याचे. पहाटे मी बादली आणि फडकी घेऊन आलो तर तो खोलीच्या दारात उभा. बाह्या दुमडलेल्या.

“दत्ता, आज मी करतो.”

“नको शेखरभाऊ. त्यांना घरच्या कुणाचा हात...”

“माझ्यामुळं झालं ना हे सगळं? मला करू दे. एवढं तरी.” त्याचे डोळे भरलेले होते. त्यानं माझ्या हातातली बादली घेतली, आत गेला आणि कडी लावली.

मी दाराशी उभा राहिलो. आतून पाण्याचा आवाज आला. शेखर “बाबा, बाबा” असं काहीतरी बोलत होता. आणि मग काकासाहेबांचा आवाज आला. कान तोंडाशी नेल्याशिवाय ज्यांचं बोलणं वर्षानुवर्षं ऐकू आलं नव्हतं, त्यांचा. खणखणीत, नहरेच्या एका काठावरून दुसऱ्या काठाला हाक जावी तसा.

“दत्ता!”

शेजारच्या अंगणात झाडणाऱ्या बाईनं वर पाहिलं.

“दत्ता!”

मी दार ढकललं. कडी होती. मागं वळलो तर काकू स्वैपाकघराच्या उंबऱ्यात येऊन उभ्या होत्या, हाताला कणीक लागलेली. त्यांनी ऐकलं होतं. बोळभर आवाज घुमला होता.

“पोरगा हाय तो,” त्या म्हणाल्या. “करू दे त्याले.”